तापानंतर न उतरलेला थकवा आणि घरात दोन लहान मुलं: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

वडील ३८ वर्षांचे, आई ३६ वर्षांची. मुलगी सहा वर्षांची, धाकटा मुलगा २० महिन्यांचा. आईची नोकरी फिरत्या पाळ्यांची, महिन्यातल्या आठ-नऊ रात्री ती घरी नसते. वडील घरून संगणकावर काम करतात, त्यामुळे दुपारनंतर मुलांचं सगळं त्यांच्याकडे. आजी अर्ध्या तासाच्या अंतरावर राहते. वडिलांना आधीचा कोणताही आजार नव्हता. आठवड्यातून दोनदा पाच किलोमीटर धावायचे.

आजार म्हणजे इन्फ्लुएन्झा ए, तपासणीत नक्की झालेला. पाच दिवस ताप, १०३ अंशांपर्यंत. तिसऱ्या दिवशी धाकट्यालाही ताप चढला. आई रात्रपाळीवर होती, म्हणून पुढच्या तीन रात्री वडिलांनीच जागून काढल्या. नवव्या दिवशी ते कामाला बसले.

तिसऱ्या आठवड्यात बरं वाटू लागलं. चौथ्या आठवड्यातल्या शनिवारी त्यांनी दोन्ही मुलांना मैदानावर नेलं, धाकट्याला बराच वेळ खांद्यावर घेतलं, संध्याकाळी घरही आवरलं. रविवार ठीक गेला. सोमवारी सकाळी दात घासताना हात वर धरवेना.

डॉक्टरांनी सांगितलं की तापाचा अशक्तपणा आहे, भरून येईल. चौथ्या आठवड्यात हे उत्तर चूक म्हणता येणार नाही. बहुतेकांचा थकवा तसाच ओसरतो. वडिलांनी मात्र त्यातून असा अर्थ काढला की अंग पडलंय, ते हलवल्यानेच सुटेल. पाचव्या आठवड्यापासून त्यांनी रोज ३० मिनिटं झपाझप चालायला सुरुवात केली आणि दर तीन दिवसांनी पाच मिनिटं वाढवत नेली. सहा-सात दिवसांत कोसळायचं, दोन दिवस पडून राहायचं, पुन्हा सुरू करायचं, असं दोनदा झालं.

अडचण

सातव्या आठवड्यातलं चित्र असं होतं. आठ तास झोपूनही सकाळी अंग जड. बोलता बोलता नेमका शब्द सापडत नाही. उभं राहिलं की डोकं हलकं होतं. दोन मुलं एकदम बोलू लागली की आवाज सहन होत नाही. आजाराआधी विश्रांतीत ६२ असणारे नाडीचे ठोके आता ७६ ते ७८. दिवसाचे चार-साडेचार तास कसेबसे कामाचे, आणि संध्याकाळी सातनंतर मुलांवर ओरडणं. हे ओरडणं त्यांना थकव्यापेक्षाही जास्त लागत होतं.

मुलगी गप्प होत चालली होती. एका रात्री तिने आईला विचारलं, "बाबा माझ्यामुळे आजारी पडला का?" पाच-सहा वर्षांच्या मुलांना घरातल्या वाईट गोष्टींचं कारण आपणच आहोत असं सहज वाटतं. न सांगता गप्प राहिलं की हा समज पक्का होतो.

आणि मग ती दुपार आली. धाकट्याजवळ बसल्या बसल्या वडिलांचा डोळा लागला. जाग आली तेव्हा मूल जिन्याच्या चौथ्या पायरीवर होतं. काही झालं नाही. पण आणखी थोडे दिवस असेच रेटू, हा पर्याय त्या दुपारी संपला. दोघंही दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले. आई सोबत गेली हे फार बरं झालं, कारण कोसळण्याचे दिवस तिने बाहेरून पाहिले होते आणि वडिलांना ते नीट आठवतही नव्हते.

तपासण्या

थकव्याची नेहमीची कारणं आधी बाजूला काढायची असतात: रक्तातल्या पेशींची मोजणी, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड, बी-१२, साखर, मूत्रपिंड आणि यकृताच्या चाचण्या, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी चाचणी), लघवी. फ्लूने क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते म्हणून ईसीजी. सगळं प्रमाणात होतं. घोरणं किंवा झोपेत श्वास अडकणं नाही, हे आईने सांगितलं.

सगळ्यात उपयोगी माहिती साध्या उभं राहण्याच्या चाचणीतून मिळाली. पाच मिनिटं आडवं पडून ठोके ७६, रक्तदाब ११८/७६. मग भिंतीला खांदे टेकून दहा मिनिटं उभं राहायचं, कोणीतरी शेजारी थांबलेलं. पहिल्या मिनिटाला ९२, तिसऱ्याला ९६, पाचव्याला १०१, दहाव्याला १०३. रक्तदाब पडला नाही. प्रौढांमध्ये दहा मिनिटांत ३० किंवा अधिक ठोक्यांची वाढ टिकली आणि तक्रारीही असल्या, तर उभं राहिल्याने नाडी धावण्याच्या पॉट्स या विकाराचा विचार होतो. इथे वाढ २७. निदानाच्या रेषेखाली, पण सातव्या मिनिटाला त्यांना गरगरलं, हे महत्त्वाचं. केवळ उभं राहणं हेच या शरीराला काम होतं.

नैराश्य चाचपण्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी भरून घेतली. गुण २७ पैकी ११. वरवर पाहता मध्यम नैराश्य. पण त्यातले नऊ गुण झोप, थकवा आणि एकाग्रता या तीन प्रश्नांचे होते, म्हणजे आजाराचेच. उरलेले दोन उदास वाटणं आणि 'मी कमी पडतोय' या भावनेचे. गोष्टींतला रस शाबूत होता: मुलांशी खेळायचं होतं, शरीर साथ देत नव्हतं. म्हणून औषध सुरू केलं नाही, पण सहा आठवड्यांनी यादी पुन्हा भरायची असं ठरलं. नुसती बेरीज पाहून निर्णय घेतला असता तर प्रकरण वेगळ्या वाटेने गेलं असतं.

कोणत्या लक्षणांसाठी थांबायचं नाही हे लिहून दिलं: छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, आडवं पडल्यावर दम लागणं, पुन्हा ताप, कारणाशिवाय वजन घटणं, हातापायाची नवी कमजोरी, जीव नकोसा वाटणं.

ब्रिटनमधल्या 'नाइस' या संस्थेच्या ऑक्टोबर २०२१ च्या मार्गदर्शनानुसार, गळून टाकणारा थकवा, श्रमानंतर उशिरा होणारा बिघाड, झोपूनही ताजं न वाटणं आणि विचार मंदावणं ही चारही लक्षणं प्रौढांत सहा आठवडे टिकली तर एमई-सीएफएस या दीर्घकाळ टिकणाऱ्या थकव्याच्या आजाराची शंका घ्यावी, आणि तीन महिने टिकल्यावर निदान करावं. सातवा आठवडा हा शंकेचा टप्पा होता. डॉक्टरांनी नाव न लावता, तो आजार आहे असं धरूनच वागायला सांगितलं.

पुढे असलेले पर्याय

पहिला, चालण्याचा व्यायाम वाढवत नेणं. आजारपणात पडून राहिल्याने आलेल्या निव्वळ अशक्तपणावर तो चालतो. श्रमानंतर एक-दोन दिवसांनी माणूस कोसळत असेल तर ठरावीक वेगाने वाढवत नेलेला व्यायाम उलटतो. त्याच मार्गदर्शनात एमई-सीएफएससाठी असा व्यायाम देऊ नये असं स्पष्ट म्हटलं आहे. इथे तो दोनदा उलटलाच होता.

दुसरा, तीन आठवडे रजा आणि पूर्ण अंथरूण. वडिलांना हा हवा होता. पण सतत आडवं राहिल्याने उभं राहण्याची सहनशक्ती आणखी घटते, आणि घरात २० महिन्यांचं मूल असताना पूर्ण अंथरूण फक्त कागदावर मिळतं.

तिसरा, मुलांना पंधरा दिवस आजीकडे ठेवणं. यावर दोघांचं सगळ्यात जास्त बोलणं झालं. मुलं परत आली की जुनीच घडी पुन्हा बसली असती, आणि 'बाबा माझ्यामुळे' असं वाटणाऱ्या मुलीला याच वेळी घरातून लांब पाठवणं दोघांनाही पटेना. यातला तुकडा मात्र उचलला: आठवड्यातल्या दोन दुपारी आजी घरी येईल.

चौथा, शक्तीची आखणी: आहे त्या मर्यादेच्या आत राहायचं आणि कामं नव्याने वाटायची. हाच निवडला. यातली खरी अडचण लहान मुलांच्या घरात लगेच कळते. 'थकलात की थांबा' हा सल्ला एकट्या माणसाला पाळता येतो. मूल शी करून बसलं असेल तर थांबता येत नाही. म्हणून थांबणं थकव्यावर न सोडता आधीच ठरवावं लागतं, आणि त्यासाठी आधी हे कळावं लागतं की नेमकी कोणती कामं महाग पडतात.

नोंदवहीत काय दिसलं

दहा दिवस नोंद ठेवली. तासातासाची नोंद हेच एक ओझं होतं, म्हणून दिवसातून चारच वेळा, उठल्यावर, दुपारी, चार वाजता आणि झोपताना, शून्य ते दहा असा थकव्याचा आकडा. शिवाय दिवसभरात काय केलं त्याच्या तीन ओळी. वडील सांगत, आई लिहीत असे.

कोसळणं दर वेळी २४ ते ४० तास आधीच्या श्रमांशी जुळत होतं. त्यामुळेच आजवर कारण सापडलं नव्हतं: मंगळवारी अंग पडलं की ते सोमवारात शोधत, खर्च रविवारी झालेला असे.

आणि महाग कामांची यादी दोघांच्याही अंदाजाबाहेरची निघाली. सगळ्यात वर होती धाकट्याची संध्याकाळची अंघोळ. पंधरा मिनिटांचं काम, पण त्यात कमरेत वाकणं, गरम पाण्याची वाफ, ओलं साडेअकरा किलोचं मूल उचलणं आणि दिवसातली शक्ती सगळ्यात कमी उरलेली वेळ, हे सगळं एकत्र येतं. उष्णतेने रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त पायाकडे उतरतं. उभं राहणं आधीच जड जाणाऱ्या शरीराला हे फार पडतं. सपाट रस्त्यावर पंधरा मिनिटं चालणं याच्या निम्म्यानेही थकवत नव्हतं. दुसरं, साडेपाच ते आठ दोन्ही मुलांबरोबर एकट्याने काढणं. तिसरं, अर्ध्या तासापेक्षा लांबलेल्या व्हिडिओ बैठका. स्वस्त कामंही सापडली: पडून गोष्ट वाचणं, जमिनीवर बसून ठोकळे रचणं, मांडीवर घेऊन बसणं.

काय केलं

दहा दिवसांत उभं राहण्या-चालण्याचा रोजचा वेळ सरासरी ६ तास २० मिनिटं होता. त्याच्या सुमारे ७० टक्के, म्हणजे साडेचार तास, ही नवी मर्यादा धरली. सलग २५ मिनिटांपेक्षा जास्त काही नाही, मग १० ते १५ मिनिटं आडवं. गजर लावून, बरं वाटतंय म्हणून गजर पुढे ढकलायचा नाही. आडवं म्हणजे डोळे मिटून, फोनशिवाय. नाडी मोजणारं घड्याळ होतं, त्यावर विश्रांतीच्या ठोक्यांपेक्षा १५ ने जास्त, म्हणजे ९२ वर इशारा लावला. तो दिवसभर वाजत राहिला आणि नुसता वैताग झाला. उभं राहिल्यावरच नाडी ९२ ला पोचणाऱ्या माणसाला हा आकडा कामाचा नव्हता. चार दिवसांनी इशारा बंद केला आणि गजरावरच भिस्त ठेवली.

मोठी विश्रांती ४.४५ ते ५.१५, म्हणजे जड वेळेच्या आधी. यासाठी शेजारच्या एका महाविद्यालयीन मुलीला रोज पाऊण तास मुलांजवळ बसायला ठेवलं. नियम एकच आणि अपवाद नसलेला: धाकटा जागा असताना आणि दुसरं मोठं माणूस घरात नसताना डोळे मिटायचे नाहीत. अशा वेळी आडवं पडायचं ते फक्त एका खोलीत, जिथे दाराला अडसर आहे, कपाटं भिंतीला स्क्रूने बांधली आहेत आणि जमिनीवर गिळण्याजोगं काही नाही. जिन्याला वर-खाली दोन्हीकडे फाटक बसवलं. पडून खेळता येणारे खेळ मुलीनेच शोधले. बाबा रुग्ण आणि ती डॉक्टर, हा सगळ्यात टिकला.

अंघोळ सकाळी हलवली, दिवसाआड, आई घरी असतानाच. मधल्या दिवशी ओल्या कापडाने पुसणं. वडील बुटक्या स्टुलावर बसतात, पाणी कोमट, मुलाला आत-बाहेर आई उचलते. गरगरण्याचा काळ असेपर्यंत वडिलांनी एकट्याने अंघोळ घालायची नाही, कारण पाण्यात मूल असताना आपण बसून राहू शकलो नाही तर पर्याय उरत नाही.

उचलणंही बदललं. आधी आपण बसायचं, मग धाकट्याने मांडीवर चढायचं. लंगोट जमिनीवर, गुडघ्यांवर बसून बदलायचा. बाहेर ढकलगाडी, कडेवर नाही. उठण्याआधी अर्धा लिटर पाणी. मीठ थोडं वाढवायला डॉक्टरांनी रक्तदाब पाहून परवानगी दिली. दुपारनंतर चहा-कॉफी बंद.

रात्रीची वाटणी अशी: आई घरी असेल तेव्हा नऊ ते दोन तिची जबाबदारी, दोन ते सात वडिलांची. उद्देश एवढाच की प्रत्येकाला सलग पाच तास मिळावेत. रात्रपाळीच्या दिवशी आजी मुक्कामाला. कामाचे तास सहा आठवडे ६० टक्के, ९० मिनिटांचे दोन-तीन तुकडे, बैठका २५ मिनिटांत आणि कॅमेरा बंद.

आजीला आणि इतरांना "मदत लागली तर सांगू" असं न म्हणता काम आणि वेळ नेमून दिली: मंगळवार, गुरुवार, तीन ते सहा, धाकटा बाहेर. मोघम मदतीसाठी रोज विचारावं लागतं, आणि विचारणंही शक्ती खातं.

मध्ये काय बिघडलं

मुलीला समजावं म्हणून एक बरणी केली होती. रोज सकाळी तिच्यात दहा बटणं. बाबाने काही केलं की एक बाहेर. कल्पना छान वाटली. दहा दिवसांनी आईच्या लक्षात आलं की मुलगी काहीच मागत नाही, बटणं वाचवते, आणि धाकटा रडला की त्याला दटावते. सहा वर्षांचं मूल बापाच्या शक्तीची राखण करत होतं. बरणी त्याच दिवशी काढून टाकली. तिला तीन वाक्यं सांगितली: तापानंतर बाबाचं शरीर हळू भरतंय. हे तुझ्यामुळे झालेलं नाही, आणि बरं करणं तुझं काम नाही. ते डॉक्टर, बाबा आणि आई बघतायत.

त्याबरोबर रोज रात्री पंधरा मिनिटं फक्त तिची, पडून गोष्ट. ही वेळ कधीच रद्द होणार नाही असं वचन दिलं, म्हणूनच तिचं माप सगळ्यात वाईट दिवसावरून घेतलं. चांगल्या दिवशीसुद्धा ती अर्धा तास केली नाही. या प्रकरणातला हा निर्णय आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो: मुलांना बाबा किती वेळ देतो यापेक्षा उद्या नक्की देईल का, हे जास्त लागतं.

दुसरा बिघाड बाराव्या आठवड्यात. पंधरा दिवस बिघाड न होता गेले होते. शाळेच्या क्रीडादिनाला वडील दोन तास उभे राहिले, येताना धाकट्याला कडेवर घेतलं. तीस तासांनी कोसळले ते सहा दिवस. जायला हरकत नव्हती. घडीची खुर्ची, फक्त मुलीच्या शर्यतीपुरती ४० मिनिटं, आदल्या दिवशी हलका दिवस आणि नंतरचे दोन दिवस मोकळे, एवढं ठरवलं असतं तर बहुधा निभावलं असतं. चांगल्या दिवशी माणूस साठलेली कामं उरकतो, आणि आईवडील तर मुलांचं राहून गेलेलं सगळं एकदम भरून द्यायला बघतात. तिथेच घात होतो.

त्यानंतर वाढीचा नियम लिहून फ्रिजवर लावला: सलग दोन आठवडे कोसळणं नाही, तरच एक गोष्ट, दहा टक्क्यांनी, दहा दिवस तिथेच थांबायचं, बिघडलं तर मागच्या पायरीवर. घरात सर्दी आली तर मर्यादा लगेच निम्मी, आणि जितके दिवस आजार तितकेच दिवस पुढेही निम्मी. पंधराव्या आठवड्यात धाकट्याची सर्दी वडिलांना लागली तेव्हा हा नियम उपयोगी पडला. घसरण पाच दिवसांत सावरली.

निष्पत्ती

तीन महिन्यांच्या भेटीत चारही लक्षणं, कमी झाली तरी, टिकून होती, म्हणून डॉक्टरांनी निदान नोंदवलं. नाव ऐकून वडील हबकले. पण त्याच कागदामुळे कमी तासांचं काम पुढे चालू ठेवता आलं. पीएचक्यू-९ चे गुण सहावर आले होते.

सहाव्या महिन्यात उभं राहण्या-चालण्याचा वेळ साडेसात तास, काम ८० टक्के. नवव्या महिन्यात पूर्णवेळ काम, दिवसातून दोन विश्रांत्या. उभं राहण्याच्या चाचणीत वाढ २७ वरून १६ वर. धावणं अजून नाही. संध्याकाळचं ओरडणं जवळपास थांबलं. ते स्वभावाचं नव्हतं, रिकाम्या टाकीचं होतं.

यातला किती भाग आखणीचा आणि किती काळाचा, हे एका माणसावरून सांगता येत नाही. ऑस्ट्रेलियातल्या डबो इथे २५३ जणांवर झालेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तीन वेगवेगळ्या संसर्गांनंतर सहा महिन्यांनीही थकव्याचा विकार टिकलेले सुमारे १२ टक्के होते. म्हणजे बहुतेक जण त्याआधीच सावरतात. त्याच अभ्यासात पुढचा धोका मूळ आजाराच्या तीव्रतेशी जोडलेला दिसला, माणसाच्या आधीच्या मानसिक स्थितीशी नाही. 'मन खंबीर नाही म्हणून' हे ऐकून घेणाऱ्या आईवडिलांना हे सांगायला हवं.

काय वेगळं करता आलं असतं

तापातल्या तीन रात्रींच्या जागरणाला पर्याय होता. आजीला संसर्ग नको म्हणून बोलावलं नाही हे योग्यच, पण आईला त्या तीन पाळ्या बदलून मागता आल्या असत्या. मागितल्याच नाहीत, कारण साधा फ्लू आहे असं दोघांनाही वाटलं.

पहिल्यांदा कोसळल्यावर, चौथ्या आठवड्यातच, नोंदवही हवी होती. व्यायाम सुरू करण्याआधी एकच प्रश्न पुरला असता: श्रमानंतर लगेच दमायला होतं की दोन दिवसांनी? उभं राहण्याची चाचणीही तेव्हाच करता आली असती. तिला नाडी, घड्याळ, रक्तदाबाचं यंत्र आणि शेजारी एक माणूस एवढंच लागतं.

सगळ्यात मोठी चूक आमच्या मते आईच्या बाबतीत झाली. वडिलांचे मिनिट मोजले, तिचे नाही. अंघोळीचं उचलणं, नोंद लिहिणं, रात्रीचे पहिले पाच तास, पाळ्या, हे सगळं तिच्याकडे गेलं आणि दहाव्या आठवड्यात ती गाडी चालवताना पेंगली. त्यानंतर दर रविवारी पंधरा मिनिटं दोघांनी बसायचं ठरलं: गेल्या आठवड्यात सलग पाच तास झोप कोणाला किती रात्री मिळाली, आणि पुढच्या आठवड्यात कोणतं एक काम कोणीच करायचं नाही. हे पहिल्या दिवसापासून आखणीत असायला हवं होतं.

संध्याकाळची अंघोळ परत सुरू करायची का, हा प्रश्न दहाव्या महिन्यासाठी ठेवला आहे. आधी आठवड्यातून एकदाच, आई घरी असेल त्या दिवशी, आणि पुढचे दोन दिवस नोंदवही उघडून.